पेंडीचा वास

लग्न होऊन शिरूरला आले, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या माहेरहून आणलेल्या कढईत शेंगदाण्याची पेंड भाजली गेली. माझं माहेर केंदूरचं. घरात सगळे माळकरी, मासा फक्त ओढ्यात पोहताना बघितलेला. मी पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसले होते आणि आतून असा वास आला की वाटलं, कुणीतरी म्हशीचं आंबोण गॅसवर ठेवलंय. उठून पाहिलं तर आमचे हे कंपनीचा शर्टसुद्धा न काढता ओट्यापाशी उभे, हातात उलथनं. माशांसाठी चारा करतोय म्हणाले. कढई घासून देतो, असंही म्हणाले, आणि खरंच तारेच्या घासणीनं चकाचक घासून दिली.

हे रांजणगावच्या एका कंपनीत जोडणीच्या लाइनवर आहेत. पाळ्या बदलत्या, पण साप्ताहिक सुट्टी ठरलेली, आणि ती सुट्टी पाण्याची. कधी घोड नदी, कधी धरणाचं मागचं पाणी. चारा मात्र आदल्या संध्याकाळी घरीच व्हायचा. बाजारात आता तयार पुड्या मिळतात, रंगीत, वर माशाचं चित्र असलेल्या. ह्यांनी त्या कधी घेतल्या नाहीत. पेंड जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून आणायची, फोडून मंद आचेवर भाजायची, खलबत्त्यात कुटायची. तिच्यात मक्याचं पीठ, थोडी कणीक, गुळाचं पाणी, भाजलेली बडीशेप, मेथीचे चार दाणे. कापसाची वात पिंजून मळायची, म्हणजे गोळी गळावरून लगेच सुटत नाही. मग एक गोळी स्टीलच्या पेल्यात पाण्यात सोडायची. भसकन विरघळली तर कणीक कमी, दगडासारखी बसून राहिली तर जास्त.

पण हे सगळं वरवरचं. खरं काम नाकाचं होतं. पेंड कधी उतरवायची ते हे रंगावरून ठरवत नसत, वासावरून ठरवत. मळलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत आणि पहाटे निघण्याआधी फडकं सोडून नाकाशी नेत. डोळे मिटत. कधी मान हलवून तसाच डब्यात भरत, कधी त्यात चिमूटभर काहीतरी टाकत. मी पदर नाकाला लावून दारात उभी राहायची आणि हे हसायचे. कटला मासा गढूळ पाण्यात असतो, त्याला डोळ्यानं चारा दिसत नाही, नाकानं सापडतो, असं मला समजावून सांगायचे.

ही विद्या दौंडच्या दाजींची. माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान, रेल्वेत होते, आता निवृत्त. हे शाळेत असताना सुट्टीला बहिणीकडे जात आणि दाजी ह्यांना भीमेवर घेऊन जात. ह्यांचे वडील लवकर गेलेले. त्यामुळे दाजींनी काय काय शिकवलं असेल, त्यातलं मासे पकडणं हे सगळ्यात वरचं दिसणारं, एवढंच मला कळतं.

मग तो तापाचा काळ आला. आमच्या चाळीत घरोघरी कुणी ना कुणी झोपलेलं होतं. ह्यांना फार त्रास झाला नाही. ताप आला, अंग दुखलं, उतरला. वास जातो म्हणतात, तसा ह्यांचाही गेला. कंपनीतल्या निम्म्या लोकांचा गेला होता आणि प्रत्येकाचा परत आला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पहिले काही दिवस तर चेष्टाच चालली. मी लसूण सोलून ह्यांच्या नाकाखाली धरायची, हे शपथेवर सांगायचे की काहीच नाही. कापूर, उदबत्ती, रॉकेलचा जुना डबा, सगळं हुंगून झालं. चाळीतल्या इतरांचा वास परत आला. ह्यांचा आला नाही.

ते गांभीर्यानं घ्यायला लागलो तो पेंडीमुळेच. मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले तर घरभर धूर. हे तिथंच होते, जमिनीवर बसून कापूस पिंजत होते, पाठ गॅसकडे. पेंड जळून कोळसा झाली होती. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा ह्यांनी मागं वळून पाहिलं. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली. हे कढईकडे बघत राहिले. मला त्या वेळी कढईचं काहीच वाटलं नाही. माणूस जळणाऱ्या वस्तूपाशी बसून असतो आणि त्याला पत्ता नसतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

पुढच्या वेळी ह्यांनी मला हाक मारली. म्हणाले, तू वास घे आणि मला सांग.

हे काम सोपं वाटलं होतं. नाक तर मला होतंच. ह्यांनी पेंड हलवत विचारलं, "कसा येतोय?"

"भाजल्यासारखा."

"भाजल्यासारखा म्हंजी? शेंगदाणं खमंग झाल्यावर येतो तसा, का तळाला लागाय लागल्यावर येतो तसा?"

मी परत वाकून हुंगलं. मला दोन्हीतला वाटला आणि दोन्हीतला नाहीही वाटला. तसं सांगितलं. हे माझ्याकडे बघत राहिले, रागानं नाही, एखाद्या परक्या गावच्या माणसाला वाट विचारावी आणि त्यानं दोन्हीकडे हात करावा, तेव्हा आपण बघतो तसं. मग अंदाजानंच गॅस बंद केला.

पहाटेचं तर त्याहून अवघड. फडकं सोडून गोळा माझ्यापुढे धरायचे. आंबूस आहे, मी म्हणायची. ताकाचा आंबूस, का शिळ्या भाकरीच्या काल्याचा, का चिंचेचा? गुळाचा वास वर आहे का खाली? मेथी कळतेय का? माझ्या नाकात सगळं एकदम शिरायचं आणि मला ते सुटं करता यायचं नाही. लग्नापासून ज्या वासाला मी पदर लावत आले, त्याची नावं कुठून आणणार? मी चुकीचं सांगितलं तर चारा बिघडणार आणि बरोबर सांगितलं तरी मला ते कळणार नाही, अशी माझी गत. आणि हे मात्र समोर कान देऊन उभे, जसं काही मी आता बोलणार आणि ह्यांना वास येणार.

एकदा मला धरणावर घेऊन गेले. पाण्याकाठी वारा वेगळा असतो, तिथं परत हुंगून सांग, म्हणाले. मी शिवणकाम बाजूला ठेवून गेले. ह्यांनी तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, सोडला, त्यावरचा तरंगता बोया पाण्यावर स्थिर झाला आणि आम्ही शेजारी शेजारी बसलो. थोड्या अंतरावर कंपनीतलीच दोन परप्रांती मुलं सत्तूचे गोळे लावून बसली होती. त्यांना एकामागून एक रोहू लागत होते. आमचा बोया हलला नाही. मासे चाऱ्यामुळेच येत नव्हते का, हे कुणी सांगावं? आधीही रिकाम्या हातानं घरी येण्याचे दिवस असायचेच. पण तेव्हा हे म्हणायचे, आज पाणी गार आहे, आज वारा उलटा आहे. त्या दिवशी काहीच म्हणाले नाहीत. ऊन वर आलं तसा उरलेला चारा पाण्यात सोडून दिला आणि डबा विसळला.

शिरूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फवारा दिला. मग पुण्याला गेलो. तिथले डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी नाकात नळी घालून पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणाले. ठीक आहे तर मग वास का येत नाही, मी विचारलं. आतली नस दुखावली आहे, ती भरून येईल, कदाचित येणारही नाही, असं त्यांनी सांगितलं. घरी रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल हुंगायचं आणि हुंगताना तो वास आठवायचा, हा एक व्यायाम दिला. हे मनापासून करायचे. वाट्या मांडून बसायचे, डोळे मिटायचे. मी पाहायची की त्या वाट्यांच्या शेवटी ह्यांनी आपण होऊन एक वाटी वाढवली होती. तिच्यात पेंडीचा तुकडा होता.

लोकांना मात्र हे दुखणं वाटतच नव्हतं. लाइनवर नट आवळायला नाक लागत नाही, तेव्हा कंपनीत काही अडलं नाही. सासूबाई म्हणायच्या, हातपाय धड आहेत, डोळे आहेत, देवानं एवढंच नेलं हे नशीब. त्यांचंही खोटं नव्हतं. त्या काळात आमच्या ओळखीतली माणसं गेली होती. त्यांच्या घरच्यांपुढे, आमच्या ह्यांना पेंडीचा वास येत नाही, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि मग वास यायला लागला.

मी फोडणीत कांदा टाकला तशी बाहेरून ह्यांची हाक आली, काय जळतंय म्हणून. मला इतका आनंद झाला की मी झारा हातात घेऊनच बाहेर धावले. काही जळत नव्हतं. कांदा तर अजून गुलाबीही झाला नव्हता. पण ह्यांना टायर जळाल्यासारखा वास येत होता, त्यात काहीतरी सडलेलं. आम्हाला वाटलं, सुरुवात आहे, हळूहळू नीट होईल. झालं उलटंच. कांदा, लसूण, चहा, भाजलेलं काहीही, सगळ्याला तोच एक वास. मी स्वयंपाक करताना हे पायरीवर जाऊन बसायचे. गार दहीभात तेवढा खायचे. मार्केट यार्डात कांद्याची आवक सुरू झाली की शिरूरभर कांद्याचा दरवळ असतो, आम्हाला तो जाणवतही नाही. हे तोंडाला रुमाल बांधून कंपनीच्या बसपर्यंत जायचे. अंगावरचे शर्ट सैल झाले, ते मी मशीनवर आत घेतले. एवढंच माझ्या हातात होतं.

पेंडीलाही तोच वास येत होता. त्या वाटीतला तुकडा ह्यांनी कधी फेकला, मला कळलं नाही.

दाजींना नणंदबाईंकडून समजलं तेव्हा त्यांचा फोन आला. दोघं या, बाकी काही बोलू नका, म्हणाले. आम्ही एसटीनं दौंडला गेलो. दाजी आता काठी घेऊन चालतात, पण चारा त्यांनी स्वतः केला होता. ह्यांना हात लावू दिला नाही, हुंगायलाही सांगितलं नाही. सकाळी भीमेवर गेलो. नणंदबाई आणि मी मागं झाडाखाली बसलो. दाजींनी गोळी लावून दिली, ह्यांनी गळ टाकला.

बऱ्याच वेळानं बोया एकदम खाली गेला. ह्यांचे हात विसरले नव्हते. तंगूस सोडत, ओढत, पुन्हा सोडत ह्यांनी तो मासा दमवला आणि काठाला आणला. कटला होता, चांगला दांडगा, दोन्ही हातांत मावेना. दाजी काठी टाकून खाली बसले आणि माशाच्या डोक्यावर हात ठेवून हसायला लागले. नणंदबाई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता सुटलं सगळं.

ह्यांनी मासा नाकाजवळ नेला, सवयीनं. लगेच मान फिरवली. मग दाजींकडे न बघता म्हणाले, "दाजी, मासा हातात हाय, पण वाटतंय फोटूच धरलाय."

दाजींचं हसू थांबलं. त्यांनी मासा ह्यांच्या हातून घेतला, गळ काढला आणि बराच वेळ तो पाण्याच्या कडेला धरून ठेवला. मला वाटलं होतं ते काहीतरी समजुतीचं बोलतील. ते एवढंच म्हणाले, "मला न्हाई रं काय सुचत." आणि मासा सोडून दिला. नणंदबाईंनी दुपारी पिठलं केलं, बिनकांद्याचं, आणि तेही ह्यांना अर्धंच गेलं.

त्याला आता काही वर्षं झाली. तो सडका वास कमी झाला आहे. हे चहा पितात, कांद्याची भाजीही खातात, पण तोंडातली चव किती आली ते सांगत नाहीत. डिझेल कळतं, फिनेल कळतं. बारीक वास कळत नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांकडे यंदा शेवटचं जाऊन आलो. आता पुन्हा येऊ नका, उगाच हेलपाटा पडेल, असं त्यांनीच सांगितलं. चांगला माणूस. उपाय नाही, हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता.

दौंडहून आल्यावर बरेच दिवस हे पाण्यावर गेलेच नाहीत. गळाची काठी कपाटामागं उभी होती. सुट्टीच्या दिवशी हे नुसते पडून राहायचे आणि ते मला बघवेना. मग मीच पेंड आणली. ह्यांना काही न विचारता भाजली, कुटली, माझ्या अंदाजानं मळली आणि फडक्यात बांधून ठेवली. सकाळी डबा हातात दिला. ह्यांनी उघडून पाहिला, बोटानं दाबून पाहिला, बरा आहे म्हणाले आणि गेले.

तेव्हापासून चारा मी करते. मी आता पदर लावत नाही. वाकून हुंगते, डोळे मिटून हुंगते, आणि हळूहळू मला त्यातलं एकेक वेगळं कळायला लागलं आहे. बडीशेप वर असते, गूळ मागून येतो, पेंड जास्त भाजली की घशाशी एक कडवट टोक लागतं. पण ते बरोबर आहे का, हे ज्याला विचारायचं त्यालाच विचारता येत नाही. सांगायला गेले तर हे ऐकून घेतात, मान हलवतात, आणि डोळे दुसरीकडे असतात. म्हणून मीही सांगणं सोडलं आहे.

हे कधी दोन रोहू घेऊन येतात, कधी रिकामे येतात. मी विचारते, चारा कसा होता आज? चांगला होता, असं म्हणतात. रिकामे आले तरी चांगलाच होता म्हणतात. मग मी डबा घेते आणि मोरीत धुवायला टाकते.