कुलपाचे फोटो

वडूजला आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. घराबाहेर पडताना ते कुलूप लावतात, ओढून बघतात आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढतात. "वाटंत शंका आली तर बघता येतं," म्हणतात.

परवा फोन भरला म्हणून ते माझ्याकडे आले. वायर जोडून मी सगळे फोटो कॉम्प्युटरवर घेतले. स्क्रीनभर नुसती कुलपंच. "काका, पुसून टाकू ही?" असं मी विचारलं, तर त्यांनी माझा हातच धरला.

"थांब रं. कुलपं काढ, पर तुजी काकू हाय ती ऱ्हाऊ देत."

मग माझ्या लक्षात आलं. कितीतरी फोटोंत कुलपाशेजारी काकूही आल्या होत्या. कुठं पदर खोचताना, कुठं उशीर होतोय म्हणून चिडलेल्या.

"एरवी फोटोला उबीच ऱ्हात न्हाई ती," सुभेदार हळूच म्हणाले. "म्हणून मीच कुलूप लावायला येळ लावतो."

तेवढ्यात काकू त्यांना जेवायला बोलवायला आल्या आणि स्क्रीनवर स्वतःला बघून दारातच थबकल्या.

"आवं, ह्ये कवा काढलं?"

सुभेदार उठले आणि त्यांनी आपली खुर्ची काकूंकडे सरकवली.