कव्वालीचा रोल

"फ्लॅशच न्हाई मारला म्हणून राहिली ही पोरगी. निस्ता अंधार येणार," स्टुडिओवाले चाचा दुसऱ्या गिऱ्हाइकाला हसत म्हणाले.

फिजिक्सचा क्लास बुडवून मी भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी ठेवलेल्या कव्वालीला गेले होते. तिथे फ्लॅशला मनाई होती, म्हणून कमी उजेडात फोटो यावेत यासाठी चारशे स्पीडचा ब्लॅक अँड व्हाइट रोल कॅमेऱ्यावर सोळाशेचा स्पीड लावून वापरला. आता तो धुताना औषधात नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला तरच चेहरे उमटणार होते. चाचांना शिकवायला माझी जीभ रेटेना.

चाचा घड्याळ बघत नसत. रोल ठेवलेल्या बंद डबीत औषध ओतलं की चहा घेत आणि कप संपला की औषध काढत. शेवटचा घोट घेऊन त्यांनी डबीकडे हात नेला, तेव्हा मी म्हणाले, "चाचा, माझ्याकडून आणखी एक चहा घ्या. सावकाश, फुंकून प्या."