बाबांच्या मिशीवरची रेघ

भिंगरावांचं खरं नाव आठवायला त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागायचं. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं. ते डोळ्याला लावून मोठाल्या प्रिंटवरचे शाईचे ठिपके न्याहाळत बसायचे, म्हणून सगळ्यांचे भिंगराव. दुकान लहान आणि छपाईचं मशीन अवाढव्य. ते आत घेताना दाराची चौकट काढावी लागली होती आणि परत बसवल्यापासून दार कधी धड लागलं नाही. दुकानांच्या पाट्या, नकाशे, भिंतीएवढे फोटो, सगळं ह्या मशीनवर निघायचं. दुसऱ्या कुणाच्या प्रिंटवर रेघा आल्या की भिंगरावांना फोन यायचा आणि ते खुर्चीत रेलून ऐटीत निदान सांगायचे. स्वतःच्या मशीनपुढे मात्र ती ऐट कुठे पळून जायची कोण जाणे. "लोकांना शहाणपण वाटून झालं की आपल्यासाठी काही उरत नाही," असं ते स्वतःच म्हणायचे.

ह्या खेपेला काम घरचंच होतं. आईची नजर झपाट्यानं कमी होत होती. डोळ्याचा पडदा झिजलाय, चष्म्यानं काही होणार नाही, जे दाखवायचं ते लवकर दाखवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिच्या खोलीत बाबांचा एक छोटा फोटो होता. आई रोज पदरानं त्याची काच पुसायची आणि सुनेवर करवादायची, "किती मळलीय गं ही!" काच लख्ख होती. हे बघून बाबांना भिंतीएवढं करायचं असं भिंगरावांनी ठरवून टाकलं.

पहिली प्रिंट त्यांनी घाईघाईत काढली. मशीनला सांगितलं कॅनव्हास आणि चढवला साधा कागद. मग काय, जाड कॅनव्हासला लागते तेवढी शाई मशीननं सढळ हातानं ओतली. बाबा काळेकुट्ट निघाले. भुवया काजळानं भरल्यासारख्या, मिशी डांबराची, आणि त्यावर आडव्या पांढऱ्या रेघा. एक तर नेमकी मिशीच्या मधून. "हा बाप आहे की दरोडेखोर?" असं पुटपुटत भिंगरावांनी ती गुंडाळून कोपऱ्यात फेकली.

मग सुरू झाली दुरुस्ती. तपासणीची नक्षी छापून पाहिली, तर राखाडी शाईच्या रेषा मधेच तुटलेल्या, म्हणजे बारीक छिद्रं तुंबलेली. शाई फवारणारं हेड साफ केलं. परत केलं. रेषा जुळल्या, पण फोटोवरचे पट्टे जागच्या जागी. मग लक्षात आलं की कागद दर वेळी केसभर जास्त सरकतोय. सरकणं जुळवलं, पट्टे गेले. आता कानाजवळ शाई फासली जायला लागली. भिंगरावांनी शाईवाल्याला फोन करून त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. फोन ठेवला आणि समोरच्या टेबलफॅनकडे त्यांची नजर गेली. मशीनला उकडू नये म्हणून तो त्यांनीच मशीनकडे वळवला होता, स्वतः घामाघूम होऊन. त्या वाऱ्यानं कागदाची कड उचलली जात होती आणि हेड तिला घासत होतं. पंखा त्यांनी निमूट स्वतःकडे वळवला. शाईवाल्याला पुन्हा फोन केला आणि ह्या वेळी बरंचसं ऐकून घेतलं.

इकडे बायको रोज विचारायची, "अहो, आई वाट बघताहेत. जशी आहे तशी आणा ना."

"जशी आहे तशी? माझ्या बापाची?" भिंगराव फणकारायचे. "उद्या नक्की." आणि भिंग डोळ्याला लावून बाबांच्या हनुवटीवर पुन्हा एखादा ठिपका शोधून काढायचे. गिऱ्हाइकानं जवळून नाक लावून पाहिलं तर हेच भिंगराव त्याच्यावर खेकसत, की अहो, मोठी प्रिंट लांबून बघायची असते!

अखेर एकदाची मनासारखी प्रिंट निघाली. गालांवरची सावली दुधावरच्या सायीसारखी मऊ, मिशीतला केस न् केस वेगळा. वाटेत मळू नये म्हणून भिंगरावांनी कोपऱ्यातली रद्दी प्रिंट तिच्याभोवती गुंडाळली आणि छाती काढून घरी आले. वरचं वेष्टण सोडून जमिनीवर टाकलं, बायकोच्या मदतीनं नवी प्रिंट पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवली आणि आईला उठवून बसवलं.

"बघ आई."

आई बघत राहिली. मान जरा तिरकी केली, पुन्हा सरळ केली. "छान," ती म्हणाली. "भिंतीला रंग दिलास होय? बरं केलंस, उजेड वाटतो."

जी मऊ सावली भिंगरावांनी जीव ओतून साधली होती, ती आईसाठी नुसतं धुकं होती. बायकोनं मान फिरवून डोळे पुसले. तेवढ्यात आईची नजर खाली गेली. वेष्टणाचा कागद उलगडून जमिनीवर पसरला होता.

"अगं बाई!" आई पलंगावरून पुढे झुकली. "ह्यांना खाली का ठेवलंय? उचला आधी!"

काळ्याकुट्ट भुवया, डांबराची मिशी, मधून गेलेली पांढरी रेघ, पायाखाली चुरगळलेला एक कोपरा. आई त्या कागदाकडे बघून चक्क लाजली. "मिशी वाढलीय फार," ती म्हणाली.

भिंगरावांनी भिंतीवरची प्रिंट उतरवली आणि दरोडेखोर बाबांना तिथे लावलं. हसू येत होतं, रडूही येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. आईला ते बाबा पहिल्याच दिवशी दिसले असते. इतके दिवस त्यांनी तिच्यापासून लपवले होते, तेही कोपऱ्यात गुंडाळून.

आईनं चाचपत त्यांचा हात धरला. "तुझाही एक असाच काढून लाव रे इथे शेजारी," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले, तुझा चेहरा नाही दिसला मला."