व्हिस्की टू

किनारी पहारा दलात मी नाईक होते. वर्दी, परेड, ड्यूटी सगळं होतं. शाळा मात्र चौथीपर्यंत. नेमणूक तोंडवलीच्या चौकीवर. सकाळी सहाला रिपोर्ट, मग वायरलेससमोर. गस्तीच्या होडीतला हातसेट आमच्या चौकीपर्यंतच पोहोचायचा. तिथून पुढे वेंगुर्ल्याच्या बेसला मी कळवायचं. माझं बोलणं होडीतल्या सेटवरही ऐकू जायचं. बेसवरचा ऑपरेटर परराज्यातला. बोलणं इंग्रजीत.

समुद्राच्या नकाशावर चौकोन होते. किनाऱ्यालगतचे 'व्ही', वायरलेसवर व्हिक्टर; खोल पाण्यातले 'डब्ल्यू', म्हणजे व्हिस्की. आमच्या तोंडात दोन्हींची सुरुवात एकच. खरखरीत पुढचं ऐकू गेलं नाही की ऑपरेटर व्हिक्टर धरायचा. त्या एका अक्षराची मला धास्ती बसली.

लान्स नाईक फिलोमिना माझ्याच चौकीवर. आरोंद्याची, गोव्यात शिकलेली. मासे साफ करताना मला शिकवायची.

"चूल फुकतंस तशे ओठ कर. आधी 'ऊ' म्हण, मगे 'इस्की'. दात ओठाक लावू नको. ते व्हिक्टराक."

"व्हिस्की."

"परत लावलंस! आणि माजा नाव तरी नीट घे गो. 'फि'क दात लावूचे आसतत. थंय तू ओठ मिटतंस."

"दात पडले काय मगे तुका हाक कशी मारू?"

"कवळी घाल."

एका दुपारी ती होडी चालवणाऱ्या बाबी तांडेलाबरोबर गस्तीला गेली. चारच्या सुमारास वारा फिरला. साडेचारला सेट वाजला. फिलोमिनाचा आवाज.

"चौकी, व्हिस्की टू. इंजिन बंद. पाणी भरता. लाँच धाडूक सांग."

मी बेसला कळवलं. "बोट सिंकिंग. व्हिस्की टू. ओव्हर."

"से अगेन."

"व्हिस्की टू."

"रॉजर. व्हिक्टर टू. लाँच प्रोसीडिंग."

लाँच किनाऱ्याकडेने शोधणार आणि ती दोघं खोल पाण्यात.

"निगेटिव्ह," मी म्हटलं. दात ओठाला लागू नयेत म्हणून दोन बोटांनी गाल दाबून धरले. "ऊ-इस्की. ऊ-इस्की टू."

नुसती खरखर. मग आवाज आला, "रॉजर. व्हिस्की टू. लाँच टर्निंग."

मी होडीला कळवलं, "लाँच येता गो."

"आयकला. बरा म्हटलंस."

त्यानंतर तिचा सेट बोलला नाही.

बाबी तांडेल डिझेलच्या कॅनला धरून तरंगताना लाँचला मिळाला. ती मिळाली नाही. तो म्हणाला, "एका हातान सेट पाण्याच्या वर धरून रवली. मी सांगलंय, सेट सोड, कॅन धर. आयकूक नाय." तिसऱ्या दिवशी ती किनाऱ्याला लागली. वर्दी अंगावर होती.

माझे वरचे दात आता गेले. घरात कवळी घालत नाही, टोचते. वर्षातून एकदा आरोंद्याच्या सिमेटरीत जाते, तेव्हा घालते. मेणबत्ती लावते, खालच्या ओठाला दात लावते आणि तिचं नाव घेते. पलीकडून 'से अगेन' येत नाही.