मोहाखालची आग

आमची चमेलीकाकी आगीला भिते, आणि म्हणूनच आग लावायला तिलाच बोलावतात. आमच्या गावात, दरेकशात, मोह गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं साफ जागेवर पडतात. काकी पाला खोडापासून दूर ओढते, थोडाथोडा पेटवते आणि विझेपर्यंत हलत नाही. बाकीचे काडी लावून मोकळे होतात, नि मग झाड करपलं म्हणून बोंबलतात.

यंदा मोह राखायला झाडाखाली झोपलेल्या तिच्या नवऱ्याला, फागूकाकाला, मण्यार चावली. गोंदियाला नेईस्तोवर त्याची छाती हलेना. दवाखान्यात सापाच्या विषावरची सुई दिली आणि नळी टाकून मशीनवर ठेवलं. काकाचा श्वास आता ते मशीन घेत होतं.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी डॉक्टर हिमांशूंनी ऑक्सिजन कमी केला. पडद्यावरचा शंभरचा आकडा चौऱ्याण्णववर आला आणि काकीचा भाऊ, सुखराममामा, भडकला. मामा कोरोनात बोटाला चिमटा लावून एवढंच शिकलेला, की आकडा उतरला म्हणजे माणूस गेला. अर्धवट शहाणपण, दुसरं काय! डॉक्टरांनी समजावलं, काकाला एवढा पुरतो. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन सतत दिला तर तोच फुप्फुसांना आतून इजा करतो, मग मशीन सुटणं कठीण. मामा काही ऐकेना.

काकीनं एकच विचारलं, "जाळते का तो?"

"एका परीनं जाळतोच," डॉक्टर म्हणाले.

ते दुसऱ्या खाटेकडे वळले, तसा मामाचा हात बटणाकडे गेला. काकीनं त्याचं मनगट धरलं.

"हात काढ, दादा. लय आगीनं झाड मरते."

"अन् फागू मेला तं?"

"तं माया मानूस मेला. हात काढ."

मला तिचा भारी राग आला. मलाही शंभरच हवे होते. मामा बाहेर जाऊन बसला, बहिणीशी बोलेना. काकीनं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भेटीला सोडलं की ती काकाच्या छातीकडे पाहत बसायची, पाला विझेपर्यंत बसते तशी.

काही दिवसांनी नळी निघाली. काकाचा आवाज घोगरा झाला होता. पहिलं काय विचारावं त्यानं?

"मोह वेचला का?"

एक फूल गुरांच्या तोंडी जाऊ न देणारी आमची काकी म्हणाली, "ढोरायनं खाल्ला. खाऊ दे." आणि मग ती रडली.