मुक्याचा वकील

हे मी घरात कधी बोललो नाही. पिंगळीला, माझ्या गावाकडं जायचा विषय निघाला की मला नेमकं काहीतरी काम आठवतं, एवढंच बायकोला ठाऊक आहे.

गावातली चौथी मराठीत झाली आणि पुढं परभणीच्या शाळेत नाव घातलं. निजामाचं राज्य होतं, तिथं सगळं उर्दूत. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, छडी खाताना ऐकायचं तेही उर्दूत. गावातून जाणारे आम्ही दोघंच. मी, आणि आमच्या गल्लीतला एक मुलगा. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलणंही नव्हतं. गावच्या गुरुजींनी त्याला फळ्याकडं बघून लिहायला शिकवलं होतं आणि त्यांनीच हट्टानं त्याला पुढं धाडलं.

वाट रुळाच्या कडेनं होती. पावसाळ्यात काळी माती पायाला अशी धरायची की पाऊल उचलत नसे. चालता येई ते खडीवरूनच. त्याची आई विधवा, लेक एकुलता. पहिल्या दिवशी दारात माझा हात धरून म्हणाली, "लेकरा, ह्याला गाडी ऐकू येत न्हाई. तुझ्या भरोशावर धाडायलेय मी. तू हाईस तवर त्याची शाळा."

वर्गात मौलवीसाब बोलायला लागले की मला ओ की ठो कळत नसे. मराठी घरची सगळीच पोरं त्यांच्या तोंडाकडं बघत बसत. कोण हसलं की हसायचं, कोण उठलं की उठायचं. तो तर जन्मापासून हेच करत आला होता. त्या वर्षी वर्गात सगळ्यांत कमी गोंधळलेला मुलगा तोच असेल. उजवीकडून लिहायची ती अक्षरं त्याच्या हातात आमच्या आधी बसली. मौलवीसाबांनी ते पाहिलं आणि मला म्हणाले, "इसकू अपने बाजू बिठा. मिलके लिखो, मिलके मार खाओ." आम्ही एका तरटावर बसू लागलो.

खुणा तेव्हाच तयार झाल्या. दाढीवरून हात फिरवला की मौलवीसाब. दोन बोटं पोटावर आपटली की भाकरी सोड. माझ्या कानात भिकबाळी होती, म्हणून मला बोलवायचं तर तो स्वतःच्या कानाची वरची कड चिमटीत धरी. इथं मी कुणाचं नाव लिहीत नाहीये. त्यानं मला दिलेलं नाव तर लिहिताच येत नाही. बाकी जगात ते कुणाला ठाऊक नाही.

आणि एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. रब्बीच्या दिवसांत एकदा मी हरभऱ्याचे घाटे सोलत रुळावरून चाललो होतो. त्यानं मागून सदरा धरून मला खाली ओढलं. मी चिडलो. त्यानं रुळाकडं बोट केलं, तळपाय दाखवला आणि बोटं थरथरवली. मी ऐकत उभा राहिलो, काहीच नाही. बऱ्याच वेळानं वळणावर धूर दिसला. त्यानंतर मी मुद्दाम बघत गेलो. तो कधी चुकला नाही. त्याच्या आईनं ज्या कामासाठी मला सोबत दिलं होतं, ते काम रोज तोच करत होता. मी हे घरी सांगितलं नाही. माझी शान कमी झाली असती.

दुसऱ्या वर्षी मला उर्दू उलगडायला लागली. मौलवीसाबांचा विनोद मला कळला आणि मी खरोखरचा हसलो, तो दिवस मला आठवतो. त्यानं तळहात उलटा करून विचारलं, काय? मी खुणेनं सांगायला गेलो, पण विनोद हातानं सांगता येईना. "नंतर," अशी खूण केली. मग ती खूणच जास्त होऊ लागली.

परभणीतली पोरं मला खेळात घ्यायला लागली होती. पण त्याच्या खुणा मी बोलून सांगायचो, म्हणून तो जवळ आला की त्यांचं सुरू व्हायचं.

"काय वकीलसाब, तुमचा अशील काय म्हणतो?"

"म्हणतो, वकील बदलायचाय!"

"आरं, ह्यो वकीलबी मुकाच व्हायलाय!"

लागावं असं त्यात काही नव्हतं. मला लागलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी त्याच्या दारात जाऊन म्हणालो, "मावशी, मला आता शाळा सुटल्यावर थांबावं लागतंय. ह्याच्यासंगं येणं न्हाई जमायचं."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मंग येकटा येईल का रे त्यो? तू रोज बघतूस. गाडीचं भ्या न्हाई ना?"

तो तिच्या मागं उभा होता, माझ्या तोंडाकडं बघत. पाटी-दप्तर खांद्याला अडकवून तयार. येईल, असं एक वाक्य पुरलं असतं. माझ्या आधी त्याला गाडी कळते, हे सांगितलं असतं तर तिनं पाठवला असता. पण मग तो वर्गात येऊन माझ्याच तरटावर बसला असता.

"काय सांगावं, मावशी," मी म्हणालो, "ऐकू येत न्हाई त्याला."

मी खोटं बोललो नव्हतो. इतकी वर्षं मी याच आधारावर काढली.

तिनं त्याच्या खांद्यावरून दप्तर उतरवलं. तो तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघत राहिला, आणि तळहात उलटा केला. मी वळून निघालो.

वर्गात मौलवीसाबांनी विचारलं, "तेरा दोस्त किधर है?" मी उभा राहून स्वच्छ उर्दूत सांगितलं की ठाऊक नाही, जनाब.

आता मीही मास्तर आहे. ऐकू न येणारं, चालता न येणारं पोर वर्गात आलं तर त्याला मधोमध बसवतो, जोडीदार देतो. लोक कौतुक करतात. जोडी देणं सोपं असतं. मौलवीसाबांनीही दिलीच होती. पण त्या जोडीदाराला मी बाजूला घेऊन काय सांगावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

एक साधी गोष्ट मी हिशेबातच धरली नव्हती. ती पोरं परभणीची. शाळा सुटली, खेळ झाला की ती आपापल्या घरी जात. रुळाकडेची सगळी वाट जाता-येता माझी एकट्याची उरली. गाडीच्या भीतीनं मी दर थोड्या वेळानं मागं वळून बघायचो. गावात शिरलो की त्याचं दार टाळून मागच्या बोळानं घरी. आई भाकरी वाढताना विचारी, "वाटंला सोबत हाय ना रे कोणाची?"

"हायेत की पोरं," मी म्हणायचो, आणि खाली बघून जेवायचो.