नववीच्या ताया आणि तिसरीच्या पोरी

शाळेतली नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, पण जुन्या मैत्रिणी भेटल्या की समोरचा चहा निवून जातो आणि नववीच्या पोरींचे किस्से काही संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याला चिकटून दुसरा येतोच. नव्वदच्या दशकात मी सुरतेला, पांडेसऱ्यातल्या एका मराठी शाळेत शिकवत होते. मुलींचे वडील बहुतेक खानदेशातून आलेले. कुणी कापड विणायच्या लूमवर, कुणी कापड रंगवायच्या डाईंग मिलमध्ये. शाळेमागच्या नाल्याचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं असायचं.

तिसरीच्या बऱ्याच मुलींना वाचता येत नव्हतं, गणितही कच्चं होतं. म्हणून मी नववीतल्या मुलींना सांगितलं, शाळा सुटल्यावर तासभर थांबा आणि चार-चार पोरी वाटून घ्या. धाकट्या शिकतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

*

सुनीता वर्गात कधी बोलायचीच नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. पहिल्या दिवशी ती आपल्या चौघींसमोर पुस्तक उघडून तासभर गप्प बसली. शेवटी त्यांतली छबी, आठ वर्षांची, माझ्याकडे आली आणि अगदी काळजीनं म्हणाली, "बाई, आमच्या ताईला बोलता येत नाही का?"

सुनीतानं ते ऐकलं. मी मनात म्हटलं, उद्यापासून ही काही थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातून जाताना एक अनोळखी आवाज कानावर आला, "ये व, आठे बठ." सुनीता पोरींना जवळ बसवून, घरच्या अहिराणीत धड्यातली गोष्ट सांगत होती. इतकी वर्षं आम्ही तिच्याशी फक्त पुस्तकी मराठीत बोलत आलो होतो, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

*

पुढे छबी यायची बंद झाली. आईनं साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणलं होतं, त्याला हात कमी पडत होते. मी जाऊन समजावणार होते. सुनीता म्हणाली, "बाई, तुम्ही नका येऊ. तुमच्यासमोर त्या हो म्हणतील, आणि पाठवणार नाहीत."

ती एकटीच गेली. अभ्यासाचं नावही काढलं नाही. छबीच्या जागी बसून टिकल्या लावू लागली आणि छबीला म्हणाली, तू मोठ्यानं वाच. तिसऱ्या दिवशी छबी एका शब्दावर अडली, तेव्हा आईनंच मान वर न करता विचारलं, "मंग? पुढे काय झालं त्या राणीचं?"

सोमवारी छबी वर्गात हजर.

*

रेखा सुनीताच्या अगदी उलट. आवाज खणखणीत, आणि गणितात दर परीक्षेला नापास. तिच्याकडे नेमका भागाकार आला. एका पोरीनं विचारलं, वरचा आकडा खाली का उतरवायचा? रेखानं ठोकून दिलं, तसा नियमच आहे. पण तिला ते लागलं असावं. मधल्या सुटीत माझ्याकडे आली. आम्ही चिंचोके घेऊन बसलो, दहा-दहाचे ढीग केले, वाटले, उरलेले ढीग मोडून सुटे चिंचोके पुन्हा वाटले. शेवटचा चिंचोका वाटून ती म्हणाली, "बाई, हे मला कुणी दाखवलंच नव्हतं." दाखवायचं मीच होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं चौघींना सरळ सांगितलं, काल मला येत नव्हतं, म्हणून नियम सांगितला. मला वाटलं, आता पोरी हिला जुमानणार नाहीत. पण त्या दिवसापासून तिच्याच पोरी "ताई, मला नाही आलं" असं बिनधास्त म्हणायला लागल्या. बाकी सगळीकडे नुसत्या माना डोलायच्या. माझ्या वर्गातही.

*

आणि एक किस्सा रेखाच्या वडिलांचा. ते लूमवर होते, साधा, कमी बोलणारा माणूस. रेखा दहावीत गेली आणि ते तिचं नाव काढायला आले. गणित जमत नाही, गावी घरात कुणीतरी हवं आहे, असं त्यांनी हेडमास्तरांना शांतपणे सांगितलं. हेडमास्तरांनी अर्ज लिहून पुढे सरकवला आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड उघडला. शेजारी उभी असलेली रेखा रडेल असं मला वाटलं.

तिनं पॅड बंद केला. "आप्पा, अंगठा नका लावू. सही शिका, मग करा. मी शिकवते. तुम्हाला आली की त्याच दिवशी मी शाळा सोडते."

आप्पा गोंधळले, मग हो म्हणाले. अर्ज ड्रॉवरमध्ये गेला.

दर रविवारी त्यांच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर पाटी निघायची. शेजारी हसायचे. आप्पांच्या जड हातात पेन्सिली मोडायच्या. नावाची अक्षरं झाली, तरी रेखा थांबली नाही, पुढची घेतली. आप्पाही थांबले नाहीत.

दिवाळीनंतर एका दुपारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत आले. हेडमास्तरांनी तो अर्ज काढून समोर ठेवला. आप्पांनी पेन घेतलं. सही करण्याआधी त्यांनी अर्जावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आम्ही सगळे थांबलो होतो. वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटा करून बाजूला ठेवला.

"गुरुजी, दहावीच्या परीक्षेचा फॉर्म असतो ना? तो द्या. सही कुठं करायची ते दाखवा."